बोले ठराव: कायदेमंडळातील शब्द आणि पाणवठ्यावरील हक्क

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा इतिहास सांगताना ज्या ठरावाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपला जातो, तो ठराव मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले (१८६९–१९६१) हे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळातील अत्यंत चिकाटीचे सभासद होते. लोकप्रतिनिधीने सभागृहात उच्चारलेला शब्द गावच्या पाणवठ्यापर्यंत कसा पोहोचतो, तो वाटेत कोठे अडतो आणि त्याला पुढे नेण्यासाठी काय करावे लागते, हे समजून घेण्यास त्यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण विरळा.

बोले मुंबईच्या भंडारी समाजातले. माडाची माडी काढणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय होता, आणि गिरण्यांच्या वाढीबरोबर कोकणातून मुंबईत आलेल्या कष्टकरी वर्गातही त्याचा मोठा भरणा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेचे बोले हे प्रमुख कार्यकर्ते होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पश्चात गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडणाऱ्या या संस्थेचा भर संपापेक्षा समेटावर आणि शिक्षण व व्यसनमुक्ती यांवर असे. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनाची जी सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान बोल्यांकडे होते. याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्या तरुणाला भेट दिले. पुढे वीस वर्षांनी बोले आणि आंबेडकर एकाच कायदेमंडळात सहकारी म्हणून बसणार होते.

१९१९च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. महसूल, पोलीस यांसारखी ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली, तर शिक्षण, स्थानिक स्वराज्य यांसारखी ‘सोपीव’ खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या आणि सत्यशोधक विचारांच्या ब्राह्मणेतर चळवळीला सभागृहात प्रवेश मिळाला. या रचनेत सभासदाच्या हाती मुख्यतः दोन साधने होती. पहिले विधेयक, जे संमत झाल्यावर कायदा बनून न्यायालयांना बांधून घेते. आणि दुसरे ठराव, जो संमत झाला तरी सरकारला केलेली शिफारस एवढेच त्याचे स्वरूप राहते. बोल्यांनी दोन्ही साधने वापरली, दोन्हींवरून वाद ओढवून घेतले, आणि त्या दोन वादांच्या तुलनेतच त्यांच्या कामाचे मर्म सापडते.

पहिला वाद ग्रामजोश्यांच्या हक्काचा होता. दख्खनच्या गावगाड्यात जोशीपण हे वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, मानले जाई. त्यामुळे यजमानाने लग्न किंवा श्राद्ध आपल्या पसंतीच्या माणसाकडून करवले, किंवा सत्यशोधक पद्धतीने ब्राह्मण पुरोहिताशिवायच उरकले, तरी ज्याला बोलावलेच नव्हते असा वतनदार जोशी दक्षिणेच्या भरपाईसाठी दिवाणी दावा लावू शकत असे, आणि इंग्रजी न्यायालयेही रूढीचा आधार घेऊन असे दावे ऐकत. ज्या समाजाने धार्मिक स्वातंत्र्याचा उच्चार केला, त्याला त्या स्वातंत्र्याचा दंड कोर्टात भरावा लागे. बोल्यांनी या हक्काविरुद्ध आणलेले विधेयक ‘जोशी बिल’ म्हणून गाजले. धर्मात ढवळाढवळ आणि मालमत्तेवर घाला असे आक्षेप त्यावर घेतले गेले, पण अखेर १९२६ साली कायदा संमत होऊन बोलावण्याशिवाय दक्षिणा मागण्याचा हक्क संपुष्टात आला. येथे अन्यायाचे हत्यार न्यायालयाचा हुकूमनामाच असल्याने, कायदा बदलताच ते हत्यार निकामी झाले.

दुसरा प्रश्न पाण्याचा होता आणि तो याहून अवघड होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेमंडळाने बोल्यांचा जो ठराव संमत केला, त्याचा आशय असा होता की सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा. ठरावाची बांधणी विचारपूर्वक केलेली दिसते. त्यात शास्त्रार्थाचा किंवा दयाबुद्धीचा आधार घेतलेला नाही. जे करदात्यांच्या पैशावर उभे आहे ते सर्वांचे, एवढ्या नागरी तत्त्वावर तो उभा आहे.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी काढलेल्या आदेशात मात्र या तत्त्वाचे दोन तुकडे झाले. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या व देखभालीखालील जागांबाबत खातेप्रमुखांना अंमलबजावणीचा हुकूम मिळाला. नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या बाबतीत कलेक्टरांनी या संस्थांना शिफारस स्वीकारण्याचा विचार करण्यास सुचवावे, एवढ्यावरच भागवण्यात आले. बहुतेक विहिरी आणि तळी याच संस्थांच्या ताब्यात होती, आणि तेथे निवडून येणारे सभासद ज्या मतदारांवर अवलंबून होते त्यांतच ठरावाचे विरोधक होते. परिणामी हक्क कागदावर आला, पण पाणवठा बंदच राहिला.

महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला, तरी स्पृश्यांच्या विरोधामुळे त्याचा उपयोग कोणालाच करता आला नाही. ही स्थिती पाहून बोले गप्प बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला आणि पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या स्थानिक संस्थांचे सरकारी अनुदान रोखावे अशी मागणी केली. शिफारशीला दात नसतात हे ओळखून तिला पैशाचा धाक जोडण्याचा हा प्रयत्न होता, आणि सुधारक म्हणवणाऱ्या अनेक समकालीनांपासून बोले येथेच वेगळे ठरतात.

तरीही तळ्यापर्यंतची वाट कायदेमंडळातून पुरी झाली नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेनंतर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुषांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले, आणि त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याची अफवा उठवून प्रतिनिधींवर हल्ले झाले. बोले ठराव संमत झाल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. रूढीने तळ्यावर फक्त आपलाच हक्क आहे, हा त्यांचा दावा तीन न्यायालयांत चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादि काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही असे ठरवून तो निकालात काढला.

या दहा वर्षांच्या झगड्यावरून बोले ठराव निष्फळ ठरला असे म्हणणे चुकीचे होईल. महाडला जमलेले लोक कृपेची याचना करत नव्हते, तर कायदेमंडळाने मान्य केलेला आणि नगरपालिकेनेही एकदा स्वीकारलेला हक्क बजावत होते. ही नैतिक आणि कायदेशीर भूमी त्यांना बोल्यांनी मिळवून दिली होती. मात्र त्या भूमीवर पाऊल टाकून लाठ्या खाण्याचे धैर्य सत्याग्रहींचे होते, आणि त्याचे श्रेय ठरावाला देता येत नाही. राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापराबाबत जातीवरून मज्जाव करण्यास राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाने बंदी घातली, तेव्हा १९२३ साली जी शिफारस होती ती देशाच्या मूलभूत कायद्याचा भाग झाली.

दादरमधील एका रस्त्याला आज बोल्यांचे नाव आहे, परंतु त्यांचे खरे मोठेपण ठराव संमत करून घेण्यापेक्षा तीन वर्षांनी त्याच ठरावाचा हिशेब मागण्यासाठी पुन्हा उभे राहण्यात आहे, आणि कोणत्याही लोकप्रतिनिधीचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हायला हवे.