मातीच्या धरणाच्या पोटात
नाशिकचा गंगापूर रोड ज्या धरणाकडे जातो, ते गोदावरीवरील गंगापूर धरण मातीचे आहे. १९६५ मध्ये ते पूर्ण झाले. अशा धरणाचा दर्जा वरून दिसत नाही. तो मातीच्या ओलाव्यात, थरांच्या दाबणीत आणि भरावाखालून जाणाऱ्या मोरीत दडलेला असतो. पानशेतला घात झाला तो या मोरीपाशी. पोलादाच्या टंचाईमुळे तेथे सळईविना काँक्रीट वापरले गेले, आणि काम अपुरे असतानाच पावसाचे पाणी साठले. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. माती व काँक्रीट तपासणारी ‘मेरी’ ही शासकीय संशोधन संस्था त्याआधी दोनच वर्षे, १९५९ मध्ये, नाशिकलाच स्थापन झाली होती. पानशेत पुढे पुन्हा बांधण्यात आले.