डेक्कन कॉलेजांतील दोन विद्यार्थी



मुलानें कॉलेजांत जाऊन काय मिळविलें, असें कोणीं विचारलें कीं पदवी आणि नोकरी हीं दोनच उत्तरें आपल्या ओठांवर येतात. या हिशेबाबाहेर कांहीं शिल्लक उरतें काय, हें पाहण्यासाठीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील दोन विद्यार्थ्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही १८५६ च्या जुलैंत, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतरानें जन्मले. टिळक १८७३ सालीं कॉलेजांत आले. प्रकृति तोळामासा, म्हणून पहिलें वर्ष त्यांनीं पुस्तकांपेक्षां तालमीस व पोहण्यास अधिक दिलें. परीक्षेच्या दृष्टीनें तें वर्ष वायां गेलें. परंतु १९०८ पासून १९१४ पर्यंतचा कारावास ज्या शरीरानें सोसला, त्याचा पाया त्या 'वायां गेलेल्या' वर्षींच घातला गेला. पुढें केरूनाना छत्र्यांपाशीं गणिताची गोडी लागली आणि १८७६ सालीं ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले.

आगरकर कऱ्हाडनजीकच्या टेंभूचे. घरीं अठराविश्वे दारिद्र्य. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्रीं धुवावयाचा आणि सकाळीं तोच घालावयाचा, अशी त्यांची आठवण सांगतात. अशा तरुणानें मोठ्या पगाराची नोकरी पत्करली असती, तर त्यास कोण दोष देता? परंतु मोठ्या मिळकतीची आशा धरूं नये, असें त्यांनीं आईस पत्रानें कळविलें. त्या माउलीस काय वाटलें असेल, याची कल्पना आपणच करावी.

टिळक कायद्याचा अभ्यास करीत असतां या दोघांचा स्नेह जडला. देशाचें शिक्षण देशी माणसांच्या हातीं असावें, या विचारावर दोघांचें एकमत झालें. त्यांतूनच विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सहवासांत १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ त फर्ग्युसन कॉलेज निघालें.

पुढें दोघांचें फाटलें. राजकीय सुधारणा आधीं कीं सामाजिक, हा वाद विकोपास गेला. आगरकरांनीं 'केसरी' सोडून १८८८ सालीं 'सुधारक' काढला. टिळक १८९० त सोसायटींतून बाहेर पडले. आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि वयाची चाळिशी गांठण्यापूर्वींच, १८९५ सालीं, निवर्तले.

हा मैत्रीचा शेवट दुःखद खराच. तरी त्यांत कॉलेजाच्या शिक्षणाचें अपयश पाहूं नये. एकाच कॉलेजांत शिकून दोघांनीं निरनिराळीं उत्तरें काढलीं आणि आपापल्या उत्तराची किंमत स्वतः मोजली. पाठ केलेलें ज्ञान सर्वांचें सारखें असतें. पचविलेलें ज्ञान मात्र ज्याचें त्याचें होतें.

म्हणून आपला मुलगा किंवा मुलगी सुटीस घरीं येईल, तेव्हां गुण अवश्य विचारावे. पण कोणता प्रश्न मनांत घेऊन आलास, कोणता स्नेही जोडलास, हेंही विचारावें. गुणपत्रिकेंत न मावणारें शिक्षण बहुधा त्या उत्तरांत सांपडेल.