क्रमवारीचा हिशेब

स्नूकर हा साहेबांच्या क्लबातला खेळ. त्याच्याशी कामगार चळवळीतल्या माणसाचा संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो गैर नाही. पण खेळ ज्या दिवशी धंदा होतो त्या दिवशी खेळणारा कामगार होतो. मग त्याची मजुरी कोण ठरवितो, कशावर ठरवितो आणि हरला तर त्याच्या हाती काय पडते, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला पोहोचतो. वर्तमानपत्रात निकाल छापून येतो तो एका ओळीचा: अमक्याने तमक्याला हरविले. त्याच निकालाची दुसरी नोंद एका वहीत होते, आणि खेळाडूचे पुढच्या दोन वर्षांचे पोट त्या नोंदीवर चालते. त्या वहीला क्रमवारी म्हणतात. आज बोलायचे आहे ते त्या वहीविषयी.

खेळ थोडक्यात सांगतो. पंधरा तांबडे चेंडू, सहा रंगीत आणि एक पांढरा. पांढऱ्याने मारून बाकीचे टेबलाच्या खिशात घालायचे. असा एक डाव म्हणजे फ्रेम, आणि ठरलेल्या फ्रेमपैकी निम्म्याहून अधिक जिंकील त्याचा सामना. हा खेळ जन्मला आपल्याच देशात. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने तो काढला (पुढे पंतप्रधान झाला तो चेंबरलेन निराळा), आणि उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. त्या मेसमध्ये मजुरीचा प्रश्न अर्थातच नव्हता.

तो प्रश्न आला १९२७ साली. त्या वर्षी इंग्लंडात धंदेवाईक खेळाडूंची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. जो डेव्हिस याने अंतिम सामन्यात टॉम डेनिसचा २०–११ असा पराभव केला. जगज्जेत्याला मिळाले साडेसहा पौंड! खेळाडूंच्या वाट्याचे पैसे करंडकाच्या खरेदीत गेले असे सांगतात. म्हणजे आपल्याच घामाचा करंडक आपल्याच हातात देऊन वर सत्कार! हा डेव्हिस पुढे १९४६ पर्यंत पंधरा वेळा जिंकला आणि अपराजित राहूनच त्या स्पर्धेतून निवृत्त झाला. त्या काळी क्रमवारी नव्हती. एकच मनुष्य नेहमी पहिला असेल तर वहीची गरज ती काय?

खरा खटका उडाला १९५२ साली. नियामक संस्थेचे म्हणणे, अजिंक्यपद ही मुळात मानाची गोष्ट आहे. खेळाडूंचे म्हणणे, मान आमचा खरा, पण गल्ल्यातला वाटा तुमच्याकडे फार जातो. वाटाघाटींच्या टेबलापाशी बसलेल्या कोणालाही हा संवाद पाठ असतो. खेळाडूंनी बहिष्कार घातला. संस्थेच्या स्पर्धेला उरले अवघे दोघे, ऑस्ट्रेलियाचा होरेस लिंड्रम आणि न्यूझीलंडचा क्लार्क मॅकॉनकी. लिंड्रम ९४–४९ असा जिंकला. बाकीच्यांनी आपली वेगळी स्पर्धा भरविली आणि जो डेव्हिसचा भाऊ फ्रेड तिचा विजेता झाला.

बहिष्कार शंभर टक्के यशस्वी झाला, पण मला विचाराल तर खेळाडू तेथेच हरले. त्यांनी मालकाला दार दाखविले खरे, पण स्वतःच्या घराचे दारही लावून घेतले. १९५१ ते १९६७ या काळात धंद्यात नवा माणूस जवळजवळ आलाच नाही. १९५७ साली अजिंक्यपदाला चारच नावे आली. जॉन पुलमन जिंकला आणि पुढे सात वर्षे स्पर्धाच झाली नाही. मूठभर माणसांनी काम आपसांत वाटून घेण्याला संघटना म्हणता येत नाही. उमेदवाराला आत घेत नाही ती संघटना आपल्याच सभासदांबरोबर म्हातारी होते.

१९६९ साली ही स्पर्धा पुन्हा बाद फेऱ्यांची झाली, त्याच वर्षी दूरचित्रवाणीने रंगीत चेंडू घरोघर नेले, आणि गल्ला वाढू लागला. तरी १९७२ चा अंतिम सामना पाहा. बर्मिंगहॅममध्ये माजी सैनिकांच्या एका क्लबात तो झाला. प्रेक्षक बिअरच्या पेट्यांवर फळ्या टाकून बसले होते. ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांचा मोठा संप त्याच महिन्यात चालू होता. वीज तोडली जात होती, म्हणून जनित्राच्या मिणमिणत्या उजेडात खेळ करावा लागला. बेलफास्टचा बावीस वर्षांचा ॲलेक्स हिगिन्स जॉन स्पेन्सरवर ३७–३२ असा विजयी झाला. बक्षीस ४८० पौंड. हाच हिगिन्स पुढे लक्षावधी पौंड मिळवून, उधळून, २०१० साली बेलफास्टमध्ये हलाखीत वारला. त्याच्यासाठी ना भविष्यनिर्वाह निधी होता, ना निवृत्तिवेतन.

संपकऱ्यांशी रक्ताचे नाते असलेला एक खेळाडू त्या काळात शिखरावर पोहोचत होता. रे रिअर्डन हा वेल्समधल्या ट्रेडेगरचा. चौदाव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत उतरला. हाताची बोटे क्यू धरण्यासाठी शाबूत राहावीत म्हणून तो खाणीत पांढरे हातमोजे घालून काम करी. पुढे स्टोकजवळच्या खाणीत छत कोसळून तो तीन तास ढिगाऱ्याखाली अडकला. त्यानंतर खाण सोडून पोलिसात गेला आणि १९६७ साली धंदेवाईक खेळाडू झाला. सहा वेळा तो जगज्जेता झाला.

क्रमवारीची वही उघडली गेली ती १९७६ साली, आणि तिच्या पहिल्या ओळीवर या खाणकामगाराचे नाव आले. १९७४, ७५ आणि ७६ या तीन अजिंक्यपदांचे निकाल धरले. विजेत्याला पाच गुण, उपविजेत्याला चार, असे उतरत पहिल्या सोळांतल्याला एक. रिअर्डनने तिन्ही वेळा करंडक जिंकला होता, तेव्हा त्याचे पंधरा झाले. मानांकन कोणाला द्यायचे, कोणी थेट मुख्य फेरीत खेळायचे आणि कोणी पात्रता फेऱ्यांतून घासत यायचे, हे आता लेखी हिशेबावर ठरू लागले. ही सुधारणा होती यात शंका नाही. मुकादमाच्या मर्जीपेक्षा मस्टर केव्हाही बरे.

१९८२ पर्यंत ही वही एकाच स्पर्धेवर चाले. त्या वर्षी आणखी दोन स्पर्धांना गुण मिळू लागले. त्यांतली एक खेळाडूंच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी भरविली होती. तिचा विजेता पुन्हा रिअर्डनच. पन्नाशी गाठून पंधरवडा झालेल्या या माणसाने विशीतल्या जिमी व्हाइटला १०–५ असे हरविले. आमच्या वयाच्या मंडळींनी हा आकडा लिहून ठेवावा.

पुढची वीस-पंचवीस वर्षे तंबाखूच्या कंपन्यांच्या पैशावर धंदा फोफावला. सिगारेटची जाहिरात कायद्याने बंद झाल्यावर तो आटला. २००९–१० च्या हंगामात क्रमवारीच्या स्पर्धा उरल्या सहा. तेव्हा बॅरी हर्न या व्यावसायिकाने प्रस्ताव मांडला: व्यापारी कारभाराची ५१ टक्के मालकी मला द्या, मी स्पर्धा आणि बक्षिसे वाढवितो. २ जून २०१० रोजी खेळाडूंनी मतदान केले. बाजूने ३५, विरुद्ध २९. तीन मते इकडची तिकडे झाली असती तर प्रस्ताव बारगळला असता. विरोध करणारे २९ जण मूर्ख नव्हते, आणि हर्नने शब्दही पाळला. स्पर्धा वाढल्या, चीनपासून जर्मनीपर्यंत पसरल्या, आणि त्यांतली एक भारतात आली.

ती स्पर्धा म्हणजे इंडियन ओपन. ऑक्टोबर २०१३ मध्ये नवी दिल्लीच्या एका हॉटेलात ती भरली. भारतातली ही पहिलीच क्रमवारीची स्पर्धा. मुंबईच्या आदित्य मेहताने मार्क विल्यम्ससारख्या दोनदा जगज्जेता झालेल्या खेळाडूला बाद केले. उपांत्यपूर्व फेरीत त्याची गाठ पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीशी पडली. एका भारतीयाला बाहेर काढूनच दुसऱ्याला पुढे जाता येत होते. उपांत्य सामन्यात त्याने स्टीफन मॅग्वायरवर ४–३ अशी मात केली. क्रमवारीच्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळणारा तो पहिला भारतीय. तेथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५–० असे हरविले. डिंगने त्या हंगामात अशा पाच स्पर्धा जिंकल्या, तेव्हा या पराभवात शरमेचे काही नाही.

२०१४ साली अडवाणीने धंदेवाईक स्नूकर सोडले आणि तो मायदेशी परतला. त्याच वर्षी वहीतले गुण जाऊन पौंड आले. तेव्हापासून दोन वर्षांत जो जितके बक्षीस मिळवील तितका त्याचा क्रमांक, आणि दोन वर्षे पुरी होताच ती कमाई हिशेबातून गळते. हे शुद्ध उक्ते काम आहे. अनेक स्पर्धांत सर्व १२८ जण पहिल्या फेरीपासून खेळू लागले. ऐकायला समतेचे वाटते. पण पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला त्यांत काहीच मिळत नसे, आणि प्रवास, मुक्काम, सरावाच्या टेबलाचे भाडे हे सारे त्याच्या पदरचे. आमच्या गिरणीच्या दारातला बदली कामगार काम न मिळाल्यास रिकाम्या हाताने घरी जाई. पण त्याला दारापर्यंत येण्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागत नव्हते.

इंडियन ओपन पुढे मुंबईत आली. विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकललेली ती स्पर्धा मार्च २०१५ मध्ये झाली आणि मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला ५–० ने हरविले. मग हैदराबाद, विशाखापट्टण आणि २०१९ साली कोची, जेथे मॅथ्यू सेल्टने ल्यू हाओतियानवर ५–३ असा विजय मिळविला.

२०२२ साली पहिल्यांदा किमान कमाईचा विचार झाला. प्रत्येक धंदेवाईक खेळाडूला हंगामाला वीस हजार पौंडांची हमी देण्यात आली. बक्षिसे कमी पडली तर उरलेली रक्कम चालक भरून देतील. पुढच्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, सामने ठरवून खेळण्याच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंना शिक्षा झाल्या, दोघांना तर जन्मभराची बंदी. गुन्हा तो गुन्हाच. गरिबीचे निमित्त मी त्याला देणार नाही. पण परदेशात एकटी राहणारी, हरल्यावर रिकाम्या हाताने परतणारी विशीतली पोरे सट्टेबाजाला कोठे सापडतात, हे कळायला चौकशी समिती नको.

त्या दहांपैकी झाओ शिनतोंगवर स्वतःचा सामना हरल्याचा आरोप नव्हता. त्याची बंदी वीस महिन्यांची होती. २०२५ साली तो हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेऱ्यांच्या पहिल्या पायरीपासून खेळत शेफील्डच्या मुख्य फेरीत आला आणि अंतिम सामन्यात पन्नाशीच्या मार्क विल्यम्सला १८–१२ असे हरवून जगज्जेता झाला. बक्षीस पाच लाख पौंड. स्पर्धा सुरू झाली तेव्हा क्रमवारीच्या वहीत त्याचे नाव नव्हते. पुढच्या हंगामाच्या आरंभी ते पहिल्या सोळांत होते.