फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क

फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क : अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील समुद्रकाठचे राज्य उद्यान. कोलंबिया नदी पॅसिफिक महासागराला मिळते तिथे, मुखाच्या दक्षिण काठावर ते सुमारे ४,३०० एकरांत पसरले आहे. अॅस्टोरिया हे जवळचे शहर, पोर्टलंडहून मोटारीने साधारण दोन तास. तंबू ठोकण्याच्या आणि आरव्ही (आत राहण्याची सोय असलेल्या मोटारगाड्या) उभ्या करण्याच्या जागा इथे पाचशेच्या घरात आहेत, त्यामुळे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सार्वजनिक मुक्कामतळांत त्याची गणना होते. जुना सागरी किल्ला, वाळूत रुतलेल्या जहाजाचा सांगाडा, टेकड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, एल्कचे कळप आणि मैलोगणती मोकळा किनारा हे सगळे एकाच आवारात सापडते. मात्र यातले फारच थोडे आपोआप इथे आले किंवा आपोआप मोकळे राहिले. वाळू अडवली गेली, जमीन लष्कराने धरून ठेवली आणि किनारा कायद्याने वाचवला, म्हणून आज इथे कोणालाही चूल पेटवून रात्र काढता येते.

तंबूंपासून समुद्रापर्यंत चालताना पायाखाली येणारी बरीचशी जमीन दीडशे वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हती. कोलंबियाच्या मुखाशी नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर भिडतात, वाळूचे उंचवटे सतत जागा बदलतात आणि आत शिरू पाहणारी जहाजे त्यांवर चढतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या परिसरात सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजे बुडाली किंवा फुटली असे मानले जाते. ‘पॅसिफिकची स्मशानभूमी’ हे नाव खलाशांनी उगाच दिलेले नाही. जहाजांची वाट एका जागी राहावी म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी १८८५ साली दक्षिणेकडचा दगडी बंधारा घालायला घेतला. समुद्रात लाकडी खांब रोवायचे, त्यांवर रूळ टाकायचे, त्यांवरून आगगाडीने दगड न्यायचे आणि खाली ओतायचे, अशी ती पद्धत होती. पहिला टप्पा १८९५ मध्ये संपला. पुढच्या वाढीनंतर बंधाऱ्याची लांबी सहा मैलांच्या वर गेली. त्याच्या आडोशाला वाळू साचत गेली आणि किनारा पश्चिमेकडे सरकला.

या नव्या वाळूला वारा स्वस्थ बसू देईना. ती रस्त्यांवर आणि शेतांवर उडू लागली. तेव्हा १९३०च्या दशकात, मंदीच्या काळातल्या रोजगार योजनेतून आलेल्या तरुणांनी टेकड्यांवर युरोपातले लांब मुळांचे गवत लावले आणि मागच्या बाजूला पाइनची झाडे वाढवली. आज मुक्कामतळाला जी गर्द सावली लाभली आहे, तिच्यामागे ही लागवडही आहे. माहितीपत्रकांतल्या देखण्या चित्रांमध्ये हे श्रम दिसत नाहीत, म्हणून या नोंदीत ते आधी सांगणे आवश्यक वाटते.

बंधारा घालूनही सगळी जहाजे वाचली नाहीत. ‘पीटर आयरडेल’ हे चार डोलकाठ्यांचे पोलादी शिडाचे जहाज १८९० साली इंग्लंडमधील मेरीपोर्ट येथे बांधले गेले. मेक्सिकोतील सॅलिना क्रूझ बंदरातून ते रिकामेच, फक्त तोल सांभाळणारे वजन भरून, पोर्टलंडकडे गहू घ्यायला निघाले होते. २५ ऑक्टोबर १९०६ रोजी नदीमुखाबाहेर सोसाट्याच्या वाऱ्याने आणि प्रवाहाने ते किनाऱ्यावर आणून आदळले. जवळच्या जीवरक्षक ठाण्यातले लोक धावले आणि जहाजावरचा प्रत्येक माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. सांगाडा मात्र तिथेच राहिला. नाळेचा भाग, काही बरगड्या आणि डोलकाठ्यांचे बुंधे एवढेच आता उरले आहे. ओहोटीला त्यांच्याजवळ चालत जाता येते. गंजाचे पापुद्रे बोट लावताच सुटतात आणि तळाशी शंखशिंपल्यांचा थर चिकटलेला दिसतो. कधी वाळू सांगाडा अर्धा गिळते, तर हिवाळी वादळानंतर तोच बराच वर उघडा पडतो. त्यामुळे एका वर्षीचे छायाचित्र दुसऱ्या वर्षीच्या छायाचित्राशी जुळत नाही.

किल्ला अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६३-६४ मध्ये उभा राहिला. १८६२ च्या शँटिलीच्या लढाईत पडलेले सेनानी आणि वॉशिंग्टन प्रदेशाचे पहिले गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांचे नाव त्याला दिले. त्याआधी हा क्लॅटसॉप लोकांचा प्रदेश होता. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५-०६ चा पावसाळी हिवाळा काढला तो याच लोकांच्या शेजारी, इथून काही मैलांवर. आज उद्यानात पाहायला मिळतात ते काँक्रीटचे तोफखाने मुख्यतः विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे. त्यांतल्या ‘बॅटरी रसेल’मध्ये १९०४ पासून दहा इंची दोन तोफा होत्या. गोळा सुटला की धक्क्याने तोफ मागे झुकून भिंतीआड खाली जायची आणि पुन्हा भरली की वर यायची. तोफा केव्हाच काढून नेल्या. उरल्या त्या दारूगोळ्याच्या ओलसर, काळोख्या खोल्या, ज्यांत मुले विजेऱ्या घेऊन दिवसभर हुंदडतात.

या तोफखान्याची आठवण सांगितल्याशिवाय शेकोटीवरची रात्र इथे सहसा संपत नाही. २१ जून १९४२ च्या रात्री जपानी पाणबुडी ‘आय-२५’ किनाऱ्याजवळ आली आणि तिने किल्ल्याच्या दिशेने १७ गोळे डागले. किल्ल्यावर हजर असलेले मेजर रॉबर्ट ह्यूस्टन यांनी उलट मारा करू दिला नाही. तोफांच्या तोंडातल्या जाळाने त्यांची जागा उघड झाली असती आणि पाणबुडीही टप्प्याबाहेर असल्याचा अंदाज होता. सैनिक चिडले, पण कोणी मेले नाही. गोळे दलदलीत आणि वाळूत पडले, बेसबॉलच्या मैदानाच्या जाळीची मोडतोड झाली आणि काही तारा तुटल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील लष्करी तळावर झालेला शत्रूच्या तोफांचा मारा तो एवढाच. त्यानंतर किनाऱ्यावर काटेरी तारांची भेंडोळी पसरली गेली, त्यांत ‘पीटर आयरडेल’चा सांगाडाही गुंतला. लष्कराने १९४७ मध्ये किल्ला मोडीत काढला. इतकी वर्षे सर्वसामान्यांना मज्जाव असल्यामुळे इथे बंगले किंवा हॉटेले उभी राहिली नव्हती, आणि उद्यानाला एकसंध जमीन मिळाली ती त्यामुळेच.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती साऱ्या ओरेगनची आहे. गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्ट यांच्या कारकिर्दीत, १९१३ साली, भरती-ओहोटीच्या दरम्यानची ओली वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर झाली. त्या काळी गाड्या खरोखरच वाळूवरून जात असत, त्यामुळे हा निव्वळ कागदी डावपेच नव्हता. कोरड्या वाळूचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९६६ मध्ये कॅनन बीच येथील एका मोटेलमालकाने समोरची कोरडी वाळू अडवून ती फक्त आपल्या ग्राहकांसाठी राखली आणि वाद पेटला. गव्हर्नर टॉम मॅकॉल स्वतः हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरले, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला आणि ६ जुलै १९६७ रोजी ‘बीच बिल’वर सही झाली. वनस्पतींच्या रेषेपर्यंतच्या वाळूवर जनतेचा वावराचा हक्क त्याने मान्य केला. ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हा हक्क उचलून धरताना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा आधार घेतला. मूळ रहिवासी आणि त्यांच्यानंतर आलेले वसाहतकार ही वाळू सर्वांची म्हणूनच वापरत आले आहेत, असे न्यायालयाने म्हटले. शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर तारेचे कुंपण नसणे ही अमेरिकेत सर्रास आढळणारी गोष्ट नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत समुद्राकडे जायला आधी पैसे मोजावे लागतात.

मुक्कामतळ प्रत्यक्ष वाळूवर नाही. तो मागच्या झाडीत, वळणावळणाच्या रस्त्यांवर वसवला आहे. बहुतेक जागांना वीज आणि पाणी आहे, कित्येकांना सांडपाण्याची जोडणीही. निव्वळ तंबूसाठी राखलेल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि इथल्या मुक्कामाबद्दल घेण्याजोगा खरा आक्षेप हाच आहे. उन्हाळ्याच्या शनिवारी आरव्हींच्या रांगांत छोटा तंबू पार हरवून जातो. प्रत्येक जागेवर लाकडी टेबल आणि लोखंडी कड्याची शेकोटी असते. ज्यांना तंबू नको त्यांच्यासाठी यर्ट आहेत: गोल आकाराच्या, कापडी भिंतींच्या, आत खाटा, दिवा आणि हीटर असलेल्या. हा प्रयोग ओरेगनच्या राज्य उद्यानांनी १९९०च्या दशकात किनाऱ्यावरच सुरू केला आणि पावसाळ्यातही लोक येऊ लागले. त्यामागचे कारण हवामानात आहे. अॅस्टोरियाला वर्षाला सुमारे १७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चमध्ये, आठवडाभर न थांबणारा. उलट जुलै-ऑगस्ट कोरडे असतात, पण तेव्हाही दुपारी पारा २० अंशांच्या आसपास आणि समुद्र गारठणकच. म्हणून पोहणारे लोक उद्यानातल्या कॉफेनबरी तळ्याकडे वळतात. जुन्या वाळूच्या दोन टेकड्यांमधले हे लांबट तळे उथळ आहे, त्यात ट्राउट सोडले जातात आणि काठाने पायवाट फिरते. सायकलवाटा आणि पायवाटा मिळून सुमारे १५ मैल भरतात, त्यामुळे मुलांना सायकली दिल्या की गाडी बाहेर काढावी लागत नाही.

आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि सुट्ट्यांचे दिवस पटापट भरतात. पोर्टलंडच्या पश्चिमेला बीवरटन-हिल्सबरो पट्ट्यात चिप आणि सॉफ्टवेअर उद्योगांमुळे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या किनाऱ्यावर तंबू घेऊन येतात, आणि त्यांच्या सामानात कुकर आणि पोह्यांचा डबा असतो. सरपण मात्र घरून किंवा लांबून आणू नये, अशी सूचना जागोजाग लावलेली असते. लाकडातून कीड पसरते म्हणून. अॅश झाडे पोखरून मारणारा हिरवा भुंगेरा २०२२ मध्ये फॉरेस्ट ग्रोव्हला सापडला, म्हणजे हिल्सबरोच्या जवळच्याच गावात.

ओहोटीचा दिवस पाहून येणारे लोक फावडे घेऊन येतात. क्लॅटसॉप परगण्याचा १८ मैलांचा वालुकामय किनारा हे ओरेगनमधले रेझर क्लॅम मिळण्याचे मुख्य ठिकाण. हा लांबट, चकचकीत तपकिरी कवचाचा शिंपला पाणी बरेच मागे हटले की हाती लागतो. अनुभवी माणूस फावड्याचा दांडा वाळूवर आपटत चालतो. धक्का बसताच खालचा क्लॅम मान आत ओढतो आणि वाळूवर नाण्याएवढा खळगा उमटतो. फावडे खळग्याच्या समुद्राकडच्या बाजूला, थोडे अंतर ठेवून, जवळजवळ उभे रोवायचे. दोन-तीन खेपांत वाळू काढली की उरलेले काम हाताने करायचे, तेही झटपट, कारण भुसभुशीत ओल्या वाळूत हा प्राणी सरळ खाली धाव घेतो. घाईत फावडे आडवे गेले तर कवच फुटते. परवान्यावर दिवसाला पहिले १५ क्लॅम ठेवता येतात, आणि ते लहान असोत वा फुटके, मोजणीत धरावेच लागतात. मोठे निवडून बाकीचे परत पुरायची सोय नाही, कारण उकरलेला क्लॅम बहुधा जगत नाही. नवी पिल्ले रुजावीत म्हणून १५ जुलै ते ३० सप्टेंबर खोदाई बंद असते. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालामुळे क्लॅममध्ये डोमोइक आम्ल हे विष वाढले तर हंगामाच्या ऐन मध्यावरही किनारा बंद होतो. हे विष शिजवल्याने जात नाही, म्हणून निघण्यापूर्वी राज्याची ताजी सूचना पाहणे अत्यावश्यक आहे.

इथला समुद्र खेळकर नाही. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक एक लाट कितीतरी वर चढते आणि माणसाचे पाय उखडते. वाहून आलेले ओंडके त्याहून घातक. ओंडक्यावर मूल बसवून छायाचित्र काढणे साधे वाटते, पण थोड्याशा पाण्यातही कित्येक मणांचे लाकूड तरंगते आणि माणसावर गडगडते. दक्षिण बंधाऱ्याच्या दगडांवर चढून लाटा पाहणेही तितकेच धोक्याचे. यापलीकडचा धोका जमिनीखाली आहे. किनाऱ्यासमोरच्या कॅस्केडिया भेगेवर २६ जानेवारी १७०० रोजी सुमारे ९ परिमाणाचा भूकंप झाला. त्याची तारीख ठरवता आली ती जपानमधील जुन्या दप्तरांत नोंदलेल्या, तिथे भूकंप न जाणवताच आलेल्या सुनामीवरून. उद्यान सखल आहे, म्हणून मुक्कामाला आल्यावर सुनामीचा नकाशा पाहून ठेवावा. जमीन जोरात आणि बराच वेळ हादरली तर भोंग्याची वाट न पाहता पायीच उंचावर निघायचे असते.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी ओरेगन कोस्ट ट्रेल सुरू होते. ही सुमारे ४०० मैलांची वाट कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत जाते आणि तिचा पहिला पट्टा पूर्णपणे वाळूवरून आहे. पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी आरक्षणाविना, अगदी थोड्या शुल्कात राहायची वेगळी जागा तळावर ठेवली आहे. लांबच्या वाटसरूला ‘जागा नाही’ म्हणायला लागू नये, हा त्यामागचा विचार, आणि ओरेगनने ही रीत किनाऱ्यावरच्या अनेक उद्यानांत जपली आहे.

अलीकडच्या वर्षांत या वाळूवर आणखी एक हक्कदार परतला आहे. स्नोई प्लोव्हर हा मूठभर आकाराचा, वाळूच्याच रंगाचा पक्षी उघड्या कोरड्या वाळूत अंडी घालतो. १९३०च्या दशकात लावलेल्या त्याच गवताने टेकड्या झाकून टाकल्या आणि त्याची घरट्याची जागा गेली. १९९३ मध्ये तो संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आला. नदीमुखाजवळचा क्लॅटसॉप स्पिट हा वाळूचा दांडा आता त्याच्यासाठी राखीव व्यवस्थापनाखाली आहे. १५ मार्च ते १५ सप्टेंबर या विणीच्या काळात तिथे कुत्री, पतंग आणि ड्रोन यांना मनाई असते आणि कोरड्या वाळूच्या भागात दोऱ्या बांधलेल्या असतात. पतंग पाहून पक्ष्याला शिकारी घारीचा भास होतो आणि तो अंडी सोडून उडतो. ओली, घट्ट वाळू मात्र या काळातही चालणाऱ्यांना खुली राहते.