सिपनाकाठी यजमान कोण?

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलं की मेळघाटचा घाट सुरू होतो. पुढे सेमाडोह आणि कोलकास. सिपना नदीकाठी वनखात्याची विश्रामगृहं, जंगल सफारी, सोबत गाईड म्हणून एखादा कोरकू तरुण. पर्यटक दोन रात्री राहतो आणि ‘अस्पर्श निसर्ग’ पाहिल्याचं समाधान घेऊन परततो. पण हे जंगल अस्पर्श नाही. सिपना म्हणजे कोरकूत साग. आणि या सागासाठीच इंग्रजांनी जंगल राखीव केलं.

परतवाडा तेव्हा हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पुढे ते लाकडाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तोडणीला, रस्त्यांना, वणवे विझवायला माणसं हवी होती. म्हणून कोरकूंची फिरती शेती बंद करून त्यांना वनग्रामांत वसवलं. जंगल सरकारचं, राबणारे हात कोरकूंचे, अशी ही वाटणी होती.

१९७४मध्ये व्याघ्रप्रकल्प आला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. कुऱ्हाड थांबली, वाघाला आसरा मिळाला, हे मोठंच काम झालं. पण वाटणी तशीच राहिली. २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोरी, कोहा, कुंड ही गावं गाभ्यातून उठून अकोटच्या बाजूला गेली. ज्यांना मजुरीसाठी जंगलात वसवलं, त्यांच्याच वंशजांना वाघासाठी बाहेर यावं लागलं.

मग दुसरी वाट आहे का? ती परतवाड्याजवळच्या पायविहीर गावात दिसते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावाला उजाड डोंगरावर सामूहिक हक्क मिळाला. लोकांनी चराई आवरली, झाडं लावली, राखण केली. डोंगरावरची सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. २०१४मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्कारानं गावाचा गौरव झाला.

पायविहीर व्याघ्रप्रकल्पाचा गाभा नाही; तिथला तोडगा जसाच्या तसा कोलकासला लावता येणार नाही. पण हक्क हाती आला की राखण करायला कुणी सांगावं लागत नाही, एवढं त्या डोंगरानं दाखवलं. आज सफारी कॅम्पच्या जाहिरातीत ‘स्थानिकांचा सहभाग’ हमखास असतो. तो वाचताना एवढंच विचारावं: किती गाड्या सोडायच्या, पैसा कुठे खर्चायचा, हे ठरवताना ग्रामसभेचं मत धरलं जातं का? नसेल, तर कोरकू माणूस अजून मजूरच आहे. फक्त हातातली कुऱ्हाड जाऊन दुर्बीण आली आहे.