कातळाखालचा खंड

11 डिसेंबर 1967, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली आहेत. पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात तुम्ही गाढ झोपेत आहात. फळीवरची भांडी वाजू लागतात, दाराची कडी खुळखुळते, कुणीतरी "बाहेर पडा रे!" म्हणून ओरडतं आणि तुम्ही पांघरुणासकट चौकात येता. दिवस वर येतो तशी बातमी येते: कोयनानगर कोसळलं. मृतांचा आकडा पावणेदोनशेच्या वर जातो. दख्खनचा कातळ अढळ असं शाळेत शिकलेली माणसं एकमेकांना विचारत राहतात, मग हललं काय?

उत्तर कातळाच्या खाली आहे, आणि खाली जायला वाट नाही. सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर बेसॉल्ट पसरलेला आहे. त्याने जुना खंड असा झाकलाय की पर्वती चढा नाहीतर सिंहगड, पायाखाली लाव्हाच.

म्हणून आता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जीपमध्ये बसा. साठचं दशक संपत आलंय. सातारा रस्त्यावर एका बेंचमार्कपाशी जीप थांबते, कारण जागेची उंची नेमकी माहीत असल्याशिवाय इथे काहीच करता येत नाही. तिपाईवर ग्रॅव्हिमीटर ठेवतात, बुडबुडा मध्यावर आणतात. आत एका नाजूक स्प्रिंगला छोटं वजन टांगलेलं आहे. "ट्रक जाऊ दे आधी," साहेब म्हणतात. ट्रक जातो, धूळ बसते. तुम्ही भिंगाला डोळा लावता, काटा रेषेवर येईपर्यंत तबकडी फिरवता आणि आकडा वहीत लिहिता. गुरुत्वाच्या साधारण दशलक्षाव्या भागाला मिलीगॅल म्हणतात. हे यंत्र त्याहूनही बारीक फरक पकडतं. संध्याकाळी पहिल्याच ठिकाणी परत येऊन पुन्हा वाचन घ्यायचं, कारण दिवसभरात स्प्रिंगही किंचित सैलावते.

रात्री डाकबंगल्यात कंदिलाशी खरं काम सुरू होतं. दर मीटर चढाला ओढ 0.3086 मिलीगॅलने घटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, म्हणजे नुसत्या उंचीपोटी 170 मिलीगॅलहून जास्त घट. ती भरून काढायची, मधल्या खडकाची ओढ वजा करायची, अक्षांशाचा आणि डोंगरांचा हिशोब मांडायचा. इतकं सगळं झाल्यावर जे उरतं ते खालच्या खंडाचं बोलणं.

आणि ते चकित करणारं आहे. भक्कम बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा जड. त्याची एक किलोमीटर जाडी ओढीत साधारण दहा मिलीगॅलची भर घालते. मग लाव्हाचा थर जाड तिथे आकडा वाढायला हवा. पण कोकणातून घाटाकडे येताना तो उतरत जातो आणि कोयनेच्या परिसरात खोल खड्ड्यात जातो. तसाच एक उतार कुर्डुवाडीकडेही सापडतो. याच मोजणीवर एल. एन. कैलासम आणि सहकाऱ्यांनी 1972 साली 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं. जड झाकणाखाली काहीतरी हलकं आहे, हे मला या सगळ्या शोधातलं सर्वांत मोठं वळण वाटतं.

काय असेल ते? पाहायला 6 कोटी 60 लाख वर्षं मागे या. ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. लाव्हा अजून इथवर पोचलेला नाही; तुम्ही उघड्या ग्रॅनाइटी नाईसवर उभे आहात, आणि तो तेव्हाही अडीचशे कोटी वर्षांच्या पुढचा. इथे एखादी खचदरी आहे का, गाळाने भरलेली? 1973 साली ब्रह्मम आणि नेगी यांनी कोयना आणि कुर्डुवाडीखाली अशाच दऱ्या असाव्यात असं मांडलं. इतर म्हणाले, भूकवचच तिथे जाड असेल, आवरणात खोलवर रुतलेलं. नुसत्या गुरुत्वावरून निवाडा होत नाही: उथळ हलका थर आणि खोलवरचा मोठा हलका भाग वर सारखाच आकडा देऊ शकतात.

हा वाद मिटायच्या आधीच, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, किल्लारी हादरली आणि हजारो माणसं गेली. तिथे विंधन केलं तेव्हा बेसॉल्ट अवघा 338 मीटर निघाला. अज्ञानाची किंमत किती असते ते त्या वर्षी मराठवाड्याने भोगलं.

आता 2017. तुम्ही कोयनेजवळ गोठण्यात आहात, तीन किलोमीटर खोल गेलेल्या विवराच्या तोंडाशी. कराडची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा हे काम पाहते. 1247 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि लगेच ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाचा थर नाही. निदान गोठण्यापुरती तरी गाळाने भरलेल्या दरीची कल्पना बाद झाली. कोयनेची तूट आता ग्रॅनाइटात किंवा त्याहूनही खोल शोधायला हवी.