हृदयस्नायुशोथ, लसीकरणोत्तर (मुले व किशोर)

लस घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत हृदयाच्या स्नायूला येणारी दाहयुक्त सूज. डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आल्यास तो पेरिकार्डायटिस. दोन्ही विकार अनेकदा एकत्र आढळतात. २००३ मध्ये अमेरिकी सैनिकांना देवीची लस दिल्यावर असे रुग्ण आढळले होते. किशोरांच्या बाबतीत हा प्रश्न कोविड-१९ वरील एमआरएनए लशींमुळे (फायझर-बायोएनटेक, मॉडर्ना) पुढे आला.

आढळ : २०२१ च्या पूर्वार्धात इस्राएलमध्ये तरुण पुरुषांत हा विकार दिसू लागला. २५ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या लशींच्या माहितीपत्रकात इशारा समाविष्ट केला. धोका सर्वांना सारखा नसतो. ऑगस्ट २०२१ पर्यंतच्या अमेरिकी नोंदींनुसार, फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दर दहा लाख डोसमागे १२ ते १५ वर्षांच्या मुलग्यांत सुमारे ७१, तर १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत सुमारे १०६ रुग्ण आढळले. मुलींत प्रमाण बरेच कमी होते. ५ ते ११ वर्षांच्या मुलांना ३० ऐवजी १० मायक्रोग्रॅमचा डोस दिला जाई; त्यांच्यातही हा विकार किशोरांपेक्षा कमी आढळला. कोविडच्या संसर्गानेही हृदयस्नायुशोथ होतो.

लक्षणे व निदान : बहुतेकांना दुसऱ्या डोसनंतर दोन-चार दिवसांत छातीत दुखू लागते; धाप लागणे, धडधडणे, ताप हीही लक्षणे असतात. आवरणाला सूज असल्यास उताणे झोपल्यावर दुखणे वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते. रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) वाढलेले असते व ईसीजीत बदल दिसतात. इकोने हृदयाची पंप करण्याची क्षमता कळते, तर एमआरआयमध्ये स्नायूची इजा दिसते.

उपचार : बहुतेकांना काही दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवून वेदनाशामक व दाहशामक औषधे देतात. बहुतेक मुले लवकर बरी होतात. मात्र काहींच्या एमआरआयमधील खुणा अनेक महिने टिकतात. व्यायामाच्या ताणाने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तीन ते सहा महिने दमछाक करणारे खेळ बंद ठेवून, पुन्हा तपासणी करूनच परवानगी देतात.

कारणमीमांसा : नेमकी प्रक्रिया सिद्ध झालेली नाही. प्रतिकारयंत्रणेचा अतिरेकी प्रतिसाद आणि पुरुष संप्रेरकांचा प्रभाव यांचा विचार केला जातो.

धोरण : दोन डोसमधील अंतर वाढवल्यास धोका घटतो, असे दिसून आल्यावर कॅनडाने आठ आठवड्यांच्या अंतराची शिफारस केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडनने तरुणांसाठी मॉडर्नाचा वापर थांबवला. भारतात ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षांच्या मुलांना निष्क्रिय विषाणूची कोवॅक्सिन, तर १६ मार्चपासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना प्रथिनाधारित कोर्बेव्हॅक्स देण्यात आली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये मिळालेली आपत्कालीन परवानगी १८ वर्षे व त्यावरील व्यक्तींपुरतीच होती. त्यामुळे भारतातील मुलांच्या कोविड लसीकरणात एमआरएनए लशींचा वापर झाला नाही.